पीटर ग्रीनचा आवाज हवाय? मग शनिवारी त्या दुकानात जाऊ नका

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि माझी झोपच उडाली. फ्लीटवुड मॅक या ब्रिटिश बँडचा सुरुवातीचा गिटारवादक पीटर ग्रीन, त्याच्यासारखा पोकळ, रडवेला आवाज तुम्हाला हवाय. दुकानदार म्हणतो, नेक पिकअपच्या (गिटारच्या मानेजवळचा, तारांची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) दोन वायरी उलटसुलट जोडल्या की काम झालं, आठशे रुपये, शनिवारी गिटार घेऊन या. अहो, अगदी हेच वाक्य मी सोळा वर्षांपूर्वी ऐकलंय. मला फक्त सहाशे सांगितले होते.

आधीच सांगतो, मी कारागीर नाही. बँकेत नोकरी करतो आणि रविवारी वाजवतो. तेव्हा पुढचं सगळं जळालेल्या हाताचं ज्ञान समजा.

हंबकर म्हणजे दोन गुंडाळ्यांचा पिकअप, आणि तीन खटक्यांचा स्विच नेक, ब्रिजजवळचा किंवा दोन्ही पिकअप निवडतो, हे तुम्हाला ठाऊक असणार. ग्रीनच्या १९५९ च्या लेस पॉलमध्ये (गिब्सन कंपनीची इलेक्ट्रिक गिटार) नेक पिकअपच्या पोटातलं चुंबक उलटं बसलेलं होतं. ते कुणी आणि कसं उलटवलं याच्या गोष्टी माणसागणिक बदलतात, त्यात पडू नका. एकेक पिकअप वेगळा वाजवला तर काहीच कळत नाही. स्विच मधे आणला, दोन्ही पिकअप एकदम चालू झाले, की दोघांचे सिग्नल एकमेकांविरुद्ध जातात. खर्ज आणि मधली पट्टी बरीचशी कापली जाते आणि मागे उरतो तो सर्दी झालेल्या गवयासारखा नाकातला सूर. याला आऊट ऑफ फेज म्हणतात.

आता नीट वाचा, कारण माझे पैसे इथेच बुडाले. कागदावर पाहिलं तर चुंबक उलटवा नाहीतर वायरी उलटवा, परिणाम एकच. पण जुन्या धाटणीच्या पिकअपमधून दोन सुट्या वायरी निघत नाहीत. आत एक वायर असते आणि तिच्याभोवती उघड्या तारांची विणलेली जाळी. ही जाळी म्हणजे अर्थिंगची जोडणी. पिकअपचं धातूचं झाकणही त्याच जाळीला जोडलेलं असतं. वायरी उलटवल्या की जाळीतून सिग्नल वाहू लागतो आणि झाकणसुद्धा ‘जिवंत’ होतं. त्याने शॉक बसत नाही, पण बोट लागलं की घर्रर्र. शिवाय गिटारच्या पोटात ती उघडी जाळी व्हॉल्यूमच्या पॉटच्या (बटनाखालच्या भागाच्या) अर्थ केलेल्या धातूच्या पाठीला टेकली की तो पिकअप शॉर्ट होऊन मुका. माझी गिटार बसून वाजवली तर वाजायची, उभं राहिलो की नेक पिकअप गप्प. गॅदरिंगच्या आदल्या दिवशी हे लक्षात आलं!

मी गिटार परत घेऊन गेलो. पुण्यातलंच दुकान, नाव घेत नाही, अजून चालू आहे. काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, “ठेवून जा, बघतो.” ते बघणं पाच आठवडे चाललं. फोन केला की “कारागीर गावाला गेलाय.” त्या कारागिराने मधल्या काळात जाळी वेगळी करायला पिकअप उघडला आणि गुंडाळीची तार तोडली. ही तार केसाएवढी बारीक असते, एकेका गुंडाळीत तिचे हजारो वेढे. सुरुवातीचं टोक आतल्या बाजूने तुटलं की संपलंच. आणि उत्तर काय मिळालं? “पिकअप जुना होता, आज ना उद्या जाणारच होता.” पावतीवर फक्त ‘गिटार रिपेअर’ एवढंच लिहिलेलं, त्यामुळे भांडायलाही जागा नाही. नवा पिकअप अकरा हजारांना पडला. म्हणून कुठेही काम द्या, पण काय करणार ते पावतीवर शब्दांत लिहून घ्या, आणि गिटार सोडण्याआधी दोन्ही पिकअप मल्टिमीटरने मोजून आकडे स्वतःजवळ ठेवा.

आता तुमच्यापुरतं. पिकअपमधून चार रंगीत वायरी आणि एक वेगळी उघडी तार निघत असेल तर खुशाल वायरी बदला, तिथे अर्थ स्वतंत्र असतो. जाळीवाला पिकअप असेल तर वायरींना हात लावू नका, चुंबकच उलटवा. झाकणाचे सोल्डरचे दोन डाग सोडवायचे, तळाचे चार स्क्रू सैल करायचे (काढायचे नाहीत), मधली चपटी पट्टी, म्हणजेच चुंबक, सरकवून बाहेर काढायची, स्क्रूंच्या बाजूला असलेली कड दुसऱ्या बाजूला येईल अशी फिरवून परत आत. गुंडाळीला नखही लागता कामा नये. पिकअप मेणात बुडवलेला असेल तर पट्टी सहज सरकणार नाही, जोर लावू नका. सोल्डरिंगचा हात नसेल तर नेहमीच्या कारागिराकडून डोळ्यांसमोर करून घ्या. आणि हो, याच उत्साहात व्हॉल्व्हच्या अँपचं मागचं फळकूट उघडू नका. बंद केल्यावरही आत विजेचा जीवघेणा दाब शिल्लक असतो.

पण मला विचाराल तर शनिवारी यातलं काहीच करू नका. राग येईल, पण ग्रीनचा आवाज म्हणजे ते चुंबक नव्हे. तीच गिटार पुढे गॅरी मूर या गिटारवादकाकडे गेली, २०१४ मध्ये मेटॅलिकाच्या कर्क हॅमेटने घेतली. चुंबक तेच, पण तिघांना एकापाठोपाठ ऐका.

ग्रीन ज्यातून पुढे आला ते ब्रिटिश ब्लूजवाल्या जॉन मेयॉलचं बँड हे एक घराणंच होतं. गिटारवादक एरिक क्लॅप्टन १९६५ मध्ये यार्डबर्ड्स हा बँड सोडून मेयॉलकडे आला, काही काळ त्याच्या घरी राहिला आणि त्याच्याकडच्या ब्लूजच्या रेकॉर्डी ऐकत बसला. आपल्याकडे याला गुरुगृही राहणं म्हणतात. तो गेल्यावर १९६६ मध्ये ग्रीन, ग्रीनने १९६७ मध्ये फ्लीटवुड मॅक काढल्यावर जेमतेम अठराचा मिक टेलर, जो १९६९ मध्ये रोलिंग स्टोन्समध्ये गेला. एकाच खुर्चीवर तीन माणसं आणि तिघांचे आवाज तीन तऱ्हांचे. बरं, यांच्याकडे निवड होती कुठे? अमेरिकन गिटारींच्या आयातीवर ब्रिटनमध्ये १९५९ पर्यंत निर्बंध होते. गिब्सनने जुन्या घाटाची लेस पॉल १९६०-६१ च्या सुमारास बंद केली आणि १९६८ मध्ये पुन्हा आणली. मधल्या वर्षांत सेकंडहँड जी मिळाली ती यांनी वाजवली. मार्शलचा अँपही अमेरिकन फेंडर बासमन अँपचा नकाशा समोर ठेवून, मिळतील ते इंग्लंडमधले भाग घालून केलेला. १९६६ मध्ये डेक्का या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत क्लॅप्टनने तो मोठ्याने लावला, माईक लांब ठेवायला लावला, आणि तंत्रज्ञांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

कामानिमित्त लंडनला असताना मी ईलिंग ब्रॉडवे स्टेशनसमोर जाऊन आलो. तिथल्या तळघरात १७ मार्च १९६२ ला अलेक्सिस कॉर्नर आणि सिरिल डेव्हिस या वादकांनी ब्लूजचा क्लब सुरू केला. छतातून पाणी इतकं ठिबकायचं की स्टेजवर ताडपत्री बांधावी लागे. आणि आपण इथे आठशे की अकरा हजार यावर झुरतोय. असो, विषयांतर झालं.

तेव्हा आधी महिनाभर हे करून बघा. अँपवर गेन (सिग्नल फाटवणारं बटन) कमी, आवाज जमेल तितका मोठा. फ्लॅटमध्ये असाल तर पाच वॅटचा छोटा व्हॉल्व्ह अँप बरा, माझ्या वरच्या मजल्यावरच्या काकूंनी तोही एकदा बंद करायला लावला होता. गिटारचा व्हॉल्यूम दहावर ठेवू नका, सहा-सातवर वाजवा आणि सूर ओढायचा असेल तेव्हाच वाढवा. आणि सूर कमी घ्या. ग्रीन दोन सुरांमध्ये थांबतो, आपण ती जागा भरायला धावतो. माझी खोड अजून गेलेली नाही.

त्यानंतरही तो नाकातला सूर हवाच असेल तर चुंबक उलटवा. मग स्विच मधे ठेवून दोन्ही व्हॉल्यूम सारखे केलेत की आवाज सगळ्यात पोकळ येईल, एक थोडा उतरवलात की अंग परत येईल. त्या दोन बटनांमध्येच सगळी मजा आहे.

काढलेलं चुंबक दुसऱ्या चुंबकाजवळ ठेवू नका, अल्निकोचा (या चुंबकाच्या मिश्रधातूचा) जोर लवकर उतरतो. आमच्याकडे ते दोन दिवस फ्रिजच्या दारावर, फ्रिजच्याच चुंबकांच्या गर्दीत, किराण्याची यादी धरून होतं.