म्हापसा–पणजी रोज ये-जा: हायब्रीड परवडेल का?

तुमचा प्रश्न असा: रोज म्हापसा–पणजी, वर्षाला १२,००० किमी, हायब्रीड (पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली) घ्यावी की पेट्रोल ऑटोमॅटिक? आणि बॅटरी बनवताना होणारं प्रदूषण धरलं तर हायब्रीड खरंच स्वच्छ ठरते का? पर्यावरणापुरतं उत्तर सरळ 'हो' आहे. पैशांचा हिशोब मात्र काठावर येतो.

आधी एक खबरदारी. 'माइल्ड' किंवा 'स्मार्ट' हायब्रीड म्हणून विकतात त्यातली मोटर इंजिनाला नुसता हात देते. शोरूममध्ये एकच विचारा: इंजिन बंद ठेवून गाडी बॅटरीवर धावते का? धावत असेल तर ती 'स्ट्राँग' हायब्रीड. मारुतीच्या ग्रँड विटाराचंच बघा. एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीत माइल्ड मॅन्युअल लिटरला २१.११ आणि स्ट्राँग हायब्रीड २७.९७ किमी देते. रस्त्यावर दोन्ही आकडे खाली येतात.

वाटेतल्या पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये एसी लावून मध्यम एसयूव्ही पेट्रोल ऑटोमॅटिकला १३ आणि स्ट्राँग हायब्रीडला २१ किमी धरा. १२,००० किमीला ९२३ आणि ५७१ लिटर लागतील, म्हणजे ३५२ लिटर वाचले. लिटरला ९७ रुपये धरले तर वर्षाला सुमारे ३४,००० रुपये. दोन गाड्यांच्या किमतीत अडीच लाखांचा फरक असेल, तर रोड टॅक्स किमतीच्या टक्क्यांत असल्याने आणि विमाही वाढल्याने तो ऑन-रोड २.९ लाखांच्या आसपास जातो. थर्ड पार्टी प्रीमियमवर २०२२ पासून हायब्रीडला ७.५ टक्के सूट आहे, पण ते वर्षाला दोन-अडीचशे रुपयेच. फरक वसूल व्हायला साडेआठ वर्षं लागतात, आणि हायब्रीड बॅटरीची वॉरंटी साधारण ८ वर्षं किंवा १,६०,००० किमीची असते. मला खटकतं ते नेमकं इथे. रनिंग २०,००० किमी असेल तर तोच फरक पाच वर्षांत निघतो. उलट बहुतेक धाव मोकळ्या हायवेवर असेल तर १८ विरुद्ध २२ असाच फरक उरतो, आणि पैसे कधी सुटतच नाहीत.

ट्रॅफिकमध्ये एवढा फायदा होतो कारण एसी लावून तासभर उभी असलेली पेट्रोल गाडी साधारण लिटरभर पेट्रोल पिते. हायब्रीडमध्ये इंजिन बंद राहतं, एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो आणि बॅटरी उतरली की इंजिन थोडा वेळ सुरू होऊन परत थांबतं. ब्रेक दाबताना वीज परत मिळते. पण ग्रँड विटारात ही बॅटरी जेमतेम ०.७६ किलोवॅट-तासाची असते. त्यामुळे चोर्ला घाटाच्या अर्ध्या उताराआधीच ती भरते, आणि मग गिअरचा 'बी' मोड लावून इंजिनाच्या रोधाने वेग आवरावा लागतो.

बॅटरी लहान आहे हेच पर्यावरणाच्या पथ्यावर पडतं. लिटरभर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे वर्षाला ८०० किलो वाचतो. एवढी बॅटरी बनवताना शंभर किलोच्या आतबाहेर निघतो; मोटर, इन्व्हर्टर धरले तरी वर्षाच्या आत भरपाई होते. पण चार मीटरच्या आतली, १,२०० सीसीपर्यंतची, शहरात १७ देणारी हलकी पेट्रोल गाडी घेतली तरी यातली साठ टक्के बचत होते, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तिच्यावर जीएसटी १८ टक्के आहे. चार मीटरपेक्षा लांब हायब्रीडवर तो ४० टक्के. घरात चौघंच असतील तर मी आधी ही बघेन.

हायब्रीडच घेतली तर गोव्यात तीन गोष्टी सांभाळा. पुष्कळ हायब्रीडमध्ये बॅटरी थंड ठेवणाऱ्या हवेची जाळी मागच्या सीटजवळ असते. तिथे पिशव्या टेकवू नका, सर्व्हिसिंगला फिल्टर साफ करून घ्या. ब्रेक कमी वापरले जातात, त्यामुळे पावसाळ्यात आणि खाऱ्या हवेत डिस्कना गंज चढतो. तिसरी गोष्ट १२ व्होल्टची छोटी बॅटरी. ती बसली की गाडी 'रेडी' (चालायला तयार) होत नाही, आणि धक्का मारूनही सुरू होत नाही. जहाजावर सहा महिने जाणाऱ्यांनी घरच्यांना दोन-तीन आठवड्यांनी गाडी अर्धा तास 'रेडी'त ठेवायला सांगावं, तीही उघड्यावर. इंजिन आपोआप सुरू होतं, बंद गॅरेजमध्ये धूर कोंडेल.

बुकिंगआधी आताच्या गाडीची टाकी ऑटो-कटपर्यंत फुल्ल करा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, ५०० किमीनंतर त्याच पंपावर परत फुल्ल करा. धावलेल्या किमीला भरलेल्या लिटरने भागा, आणि वरच्या १३ च्या जागी तो आकडा घाला.