उत्तर: दोन केशरी फुलपाखरांपैकी एकच प्लेन टायगर, मागचा पंख बघा

ताई, तुमचे चारही फोटो मोठे करून बघितले. परभणीत घरामागच्या एवढ्याशा जागेत इतकी यायलीत म्हणजे बाग छान जमलीय, पाऊस उघडला की अजून वाढतील. तुम्ही विचारलंय की झेंडूवरची दोन केशरी एकच आहेत का, कारण फुलपाखरं ओळखायचं ॲप दोन्हीला प्लेन टायगरच म्हणायलंय, मग कढीपत्त्यापाशी घिरट्या घालणारं काळं-लाल कॉमन रोझ आहे का, आणि गवतातलं ते बारकं निळं कोणतं.

पहिला फोटो प्लेन टायगरच, नर. दुसरा नाही. ती डॅनाइड एगफ्लायची मादी आहे, आणि ॲपला दोष देऊ नका, पक्ष्यांनी फसावं म्हणूनच तिचं रूप तसं झालंय. केशरी रंग, पुढच्या पंखाचं काळं टोक, त्यातला पांढरा पट्टा हे सगळं दोघांचं सारखं, त्यामुळं नजर तिथं जाते आणि तिथंच घोटाळा होतो. सरळ मागच्या पंखावर या. प्लेन टायगरला पंखाच्या मधल्या भागात तीन काळे ठिपके असतात, नराला चौथा एक जास्त, जरा जाड, खालून बघितलं तर मध्ये पांढुरका (तुमच्या पहिल्या फोटोत तो नीट दिसायलाय म्हणून नर म्हणलो). एगफ्लायच्या मादीला मध्ये काहीच नाही, फक्त वरच्या कडेजवळ एक काळा डाग, तोही कधीकधी पुढच्या पंखाखाली झाकला जातो. मागच्या पंखाची कडा पण बघा, एगफ्लायची जास्त नागमोडी असते. आणि उडणं! प्लेन टायगर निवांत, कुणाची भीडभाड नसल्यासारखं उडतं, एगफ्लाय तुम्ही दोन पावलं पुढं गेलात की झपकन पसार. तिचा नर बघाल तर एका घरातले वाटणारच नाहीत, काळाभोर, त्यावर मोठे पांढरे गोल आणि गोलांना जांभळट निळी झाक.

आता हे सोंग कशासाठी तर प्लेन टायगरची अळी रुईची पानं खाते, तीच रुई जिच्या पानांची माळ आपण शनिवारी मारुतीला घालतो. रुईच्या चिकातलं विष अळी अंगात साठवते आणि ते पुढं फुलपाखरातही उतरतं. पक्ष्यानं एकदा खाल्लं की ओकारी, मग तो रंग बघून परत त्या वाटेला जात नाही. एगफ्लायची अळी मात्र घोळीवर वाढते, आणि घोळीची तर आपण डाळ घालून भाजी करतो, तिच्यात कुठलं विष आलंय. म्हणजे मादी खायला एकदम चविष्ट, फक्त कपडे दुसऱ्याचे. सोयाबीनच्या खुरपणीत घोळ उपटून बांधावर टाकतात आणि त्याच बांधावर रुई उभी असते, त्यामुळं आपल्याकडं दोघं शेजारी दिसतात आणि घोळ अजूनच वाढतो. फोटो काढताना आसपास झाड कोणतं होतं ते लिहून ठेवत जा, अर्धं काम तिथंच होतं.

केशरीत अजून एक सापडेल, टॉनी कोस्टर. तुमच्या कंपाउंडवर कृष्णकमळाचा वेल दिसतोय म्हणून सांगायलो, त्याच्या अळ्या त्यावर असतात. आकारानं लहान, पंख लांबट निमुळते, उडणं मरगळलेलं, आणि पुढच्या पंखाला पांढरा पट्टा नसतोच. एकदा बघितलं की परत चुकत नाही.

तिसरा फोटो. हे रोझ नाही, कॉमन मॉर्मनची मादी आहे. इथं एकच गोष्ट बघायची, अंग. रोझचं अंग लाल असतं, डोकं आणि पोटाच्या बाजू लालभडक, मॉर्मनचं अंग काळं. पंखांवर लाल ठिपके, पांढरा डाग, शेपट्या सगळं सारखं असेल, पण अंगाचा रंग काही हिला जमलेला नाही. मॉर्मनची मादी तीन रूपांत येते, एक नरासारखी, एक कॉमन रोझसारखी, एक क्रिमझन रोझसारखी, आणि तिन्ही एकाच झाडावर अंडी घालताना दिसू शकतात. ही एकच जात आहे हे ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञ वॉलेसनं १८६५ मध्ये मांडलं, आणि हा सगळा कारभार डबलसेक्स नावाच्या एका जनुकावर चालतो हे आपले फुलपाखरू-संशोधक कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं. मला तर हे सोंग एगफ्लायपेक्षा भारी वाटतं, कारण नर बिचारा साधाच राहतो आणि नटायचं सगळं बायकांकडं. खरं रोझ बघायचं असेल तर काळ्या रानात किडामारीचा जमिनीलगतचा वेल शोधा, अळ्या त्यावर असतात.

चौथ्याचं नाव त्या फोटोवरून कुणीही खात्रीनं सांगू नये. गवतातल्या निळ्यांची वरची बाजू जवळपास सारखीच, खरी ओळख खालच्या बाजूला असते. सकाळी लवकर ती पंख मिटून बसतात तेव्हा आडवं होऊन एक फोटो घ्या आणि पुढच्या पंखाच्या आतल्या भागात एक सुटा ठिपका आहे का ते बघा. नसेल तर लेसर ग्रास ब्लू धरायला हरकत नाही, असेल तर पेल किंवा डार्क ग्रास ब्लू, मग पुढचं बघू.

आणि शेवटी लिहिलंय की कढीपत्त्यावर पक्ष्याच्या शिटेसारख्या अळ्या झाल्यात, फवारू का. नका फवारू! त्या याच मॉर्मनच्या किंवा लाइम नावाच्या फुलपाखराच्या असणार, मोठ्या झाल्या की हिरव्या होतात, बोट लावलं तर डोक्यामागून दोन शिंगं काढून घाण वास सोडतात, बाकी काही करत नाहीत, चावत नाहीत. झाड हातभर उंचीचं असेल आणि पार बोडकं व्हायला लागलं तर पानासकट खुडून लिंबोणीवर नेऊन ठेवा, त्यांना तेही चालतं. मोठं झाड असेल तर पंधरा दिवसांत परत फुटतंय, आणि तसंही फवारलेला कढीपत्ता तुम्हीच आमटीत टाकणार आहात.