तुमचे प्रश्न: सुट्टीत परदेशी उत्खननाला जाऊ का?

प्रश्न: ताई, मी घणसोलीला राहते, एस.वाय.बी.ए.ला आहे, विषय इतिहास. ग्रीसमधल्या समर फील्ड स्कूलची जाहिरात बघितली, चार आठवडे उत्खनन. फी, विमान सगळं धरून खर्च लाखांत जातो. बाबा म्हणतात माती उकरायला एवढे पैसे? तरी कर्ज काढून पाठवायला तयार आहेत. जाऊ का?

उत्तर: जा, पण यंदा नको, आणि कर्ज काढून तर अजिबात नको. कारण सांगते. फील्ड स्कूलला आपण पैसे भरून शिकायला जातो, तिथे पगारबिगार नसतो. उन्हामुळे पहाटेच साईटवर जायचं, ट्रेंचमध्ये, म्हणजे खणलेल्या चौकोनी खड्ड्यात, उकिडवं बसून थापीने माती थोडी थोडी खरवडायची, चाळायची, दुपारी खापरं ब्रशने धुवायची, वाळत घालायची, नंबर टाकायचे, रोज हेच. सोनंनाणं सापडेल म्हणून आलेली मुलं लवकर कंटाळतात. खरी गंमत वेगळी आहे. नीट खरवडलेल्या पिवळट मातीत वीतभर रुंदीचा काळसर गोल डाग दिसतो, तिथे कधीतरी लाकडी खांब होता, तो कुजून गेला पण त्याच्या जागी भरलेल्या मातीचा रंग वेगळा राहिला, आणि असे चार-पाच डाग ओळीने आले की घराची भिंत कुठून जात होती ते कळायला लागतं. हे दिसायला नजर बसावी लागते. ती आधी इथे बसव म्हणजे तिथले चार आठवडे वसूल होतील.

आपल्याकडे खणायचा सीझन पावसाळा संपल्यावर, थंडीत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला १९६८ पासून बरीच वर्षं खणून साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकरी कसे राहायचे, काय पिकवायचे, मेलेल्यांना कसं पुरायचे हे उभं केलं. अशा कामात विद्यार्थी लागतात, पण डिपार्टमेंटमार्फतच, कारण लायसन्सशिवाय कोणालाच खणता येत नाही. मुंबईत झेवियर्स आणि साठ्येमध्ये प्राचीन भारतीय संस्कृती शिकवतात, तिथल्या सरांना-मॅडमना जाऊन भेट, येत्या थंडीत कोण कुठे खणतंय ते विचार. तोवर कान्हेरी बघ, एकसरचे वीरगळ बघ, अंबरनाथचं देऊळ बघ, आणि नुसते फोटो नको, वहीत माप घेऊन चित्र काढ.

फीचं एक कोणी सांगत नाही. त्यातला बराच भाग कधीकधी परदेशी युनिव्हर्सिटीच्या क्रेडिट्सचा असतो. तुझं कॉलेज ती क्रेडिट्स धरणार नसेल तर क्रेडिटशिवाय यायचं का ते आधी विचार, काही ठिकाणी फी बरीच कमी होते. ईमेल करशील तेव्हा हेही विचार की खणायचं परमिट कोणाच्या नावावर आहे, आधीच्या वर्षांचं काम छापून आलंय का, एका सुपरवायझरमागे किती मुलं, आणि ड्रॉइंग नि नोंदी मुलांकडून करून घेतात की नुसतं घमेली उचलायला लावतात. यावर सरळ उत्तर आलं नाही तर ती जागा सोड. अजून एक, तिकडचा सीझन जून-जुलै आणि आपलं कॉलेज जूनमध्येच सुरू होतं, तेव्हा अटेंडन्सचं प्रिन्सिपॉलकडून लेखी घे. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटच्या महिन्यावर ढकलू नकोस.

अर्जात मला लहानपणापासून इतिहासाची आवड आहे असलं काही लिहू नकोस, सगळेच लिहितात. पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक पुस्तकात, म्हणजे व्यापारी जहाजांसाठीच्या माहितीपुस्तकात, कल्याण आणि सोपारा ही दोन्ही बंदरं आहेत. त्या समुद्री वाटेच्या समोरच्या टोकाला इजिप्तचं बेरेनिके बंदर, तिथल्या उत्खननात भारतीय रांजणात साडेसात किलोच्या आसपास काळी मिरी सापडली. तू या बंदरांपासून जवळच, खाडीकाठी राहतेस, तिथून सुरुवात कर. आणि बाबांनाही हेच सांग, माती उकरणं म्हणजे काय ते त्यांना यातून पटेल असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न: माझा मुलगा टी.वाय.ला सोशिऑलॉजी घेऊन आहे. परदेशात खेड्यातल्या कुटुंबात सहा आठवडे राहून मानववंशशास्त्र शिकायचा प्रोग्राम आहे. आम्ही शाकाहारी. पाठवावं का? (नौपाडा, ठाणे)

उत्तर: पाठवा, पण भाषा शिकवतात का ते आधी बघा. या विषयाची पद्धतच मुळी लोकांत राहायची आहे, मॅलिनोव्स्की नावाचे मानववंशशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियांड बेटांवर तंबू ठोकून राहिले, तिथली भाषा शिकले, तेव्हा कुठे काम झालं. सहा आठवड्यांत तेवढं होत नाही आणि दुभाष्याच्या भरवशावर तर नाहीच. ज्या घरात राहणार त्यांना पैसे मिळतात का, माहिती घेण्याआधी त्यांची संमती घेतात का, हेही विचारा. जेवणाचं आधीच कळवा, भात-डाळी-भाज्या बहुतेक ठिकाणी मिळतात, पुढचं त्याचं त्याला ठरवू दे. जायच्या आधी त्याला चेंदणी कोळीवाड्यात पाठवा, तिथल्या मोठ्या माणसांची परवानगी घेऊन बसायचं, ऐकायचं, घरी येऊन लगेच लिहायचं. इरावती कर्वे बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आल्या आणि पुढे आयुष्यभर आपल्याच माणसांत फिरल्या. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि मेडिकल इन्शुरन्स मात्र विसरू नका.

प्रश्न: साईटवरचं एखादं खापर आठवण म्हणून आणलं तर चालतं का? (कळवा)

उत्तर: नाही, तुकडासुद्धा नाही. बहुतेक देशांत तो गुन्हा आहे, आपल्याकडेही पुरावस्तूंचा १९७२ चा कायदा आहे, आणि जागेवरून उचललं की ते खापर कुठल्या थरातलं हे कायमचं गेलं, मग त्याचा कोणालाच उपयोग नाही. थापी मात्र स्वतःची ने, चार इंची, टोकदार, आणि चेक-इन बॅगेत टाक, केबिन बॅगेत ठेवलीस तर सिक्युरिटीवाले काढून घेऊ शकतात.