पीएस२ वरचा 'मेडल ऑफ ऑनर: फ्रंटलाइन' आज खेळावा का, आणि त्यातलं खरं किती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुना प्लेस्टेशन २ पुन्हा जोडलाय, 'फ्रंटलाइन' हा दुसऱ्या महायुद्धावरचा गोळीबाराचा गेम लावलाय, पण पहिल्याच किनाऱ्यावर दहा-बारा वेळा मेलात. तर आज हा गेम खेळण्यात अर्थ आहे का, आणि त्यात दाखवलेलं युद्ध कितपत खरं आहे?

खेळा. फक्त एक गोष्ट आधी सांगतो, कारण मला ती कुणी सांगितली नव्हती: ज्या किनाऱ्यावर तुम्ही अडकलाय, तो म्हणजे हा गेम नव्हे. ती पहिली पंधरा-वीस मिनिटं आटोपली की तसं हजार माणसांचं युद्ध पुन्हा दिसत नाही. उरतो तो एका हेराचा गेम. जिमी पॅटरसन नावाचा अमेरिकन लेफ्टनंट, ओएसएस या गुप्तहेर संघटनेसाठी काम करणारा, बहुतेक वेळ एकटाच दारं उघडत, कोपरे डोकावत पुढे सरकतो. त्या किनाऱ्यासारख्या युद्धाच्या आशेवर पुढे गेलेले बरेच जण तिसऱ्या-चौथ्या लेव्हलला कंटाळतात. तुम्ही कंटाळू नये म्हणून आधीच सांगितलं.

आता किनारा. ६ जून १९४४, फ्रान्सच्या नॉर्मंडीतला ओमाहा बीच, जिथे अमेरिकन सैन्य समुद्रातून उतरलं. नावेतून पाण्यात पडता, क्षणभर सगळा आवाज दबतो, डोळ्यांसमोरून गोळ्यांच्या रेघा पाण्यात उतरताना दिसतात, आणि वर येताच कानठळ्या. २००२ साली माझ्या अंगावर काटा आला होता, आजही थोडासा येतोच. पण इथे सगळे एकच चूक करतात. समोरच्या टेकडीवरच्या बंकरवर गोळ्या झाडत बसतात. खालून त्या बंकरचं काही बिघडत नाही. तुमचं काम पळणं. वाळूत ते लोखंडी तुळयांचे फुलीसारखे अडथळे आहेत ना, एका फुलीपासून दुसऱ्या फुलीपर्यंत, नाहीतर तोफेच्या खड्ड्यापर्यंत पळा आणि बसा. मशिनगनच्या गोळ्या वाळूत पडतात तेव्हा धुळीची एक रांग उठते. ती रांग तुमच्यावरून दुसरीकडे सरकली की निघा, नुसती थांबली म्हणून निघू नका. कॅप्टन सापडला की तो अडकलेल्या सोबत्यांना कव्हर द्यायला सांगतो. नंतर तारेच्या कुंपणाकडे धावणाऱ्या इंजिनिअरला मशिनगनवरून कव्हर द्यायचं असतं. तिथे त्याच्याकडे बघत राहू नका, वर टेकडीकडे बघा.

किनारा इतका लांब का, हेही एकदा समजून घ्या, म्हणजे चिडचिड कमी होईल. त्या फुल्या सैनिकांना लपायला नव्हत्या हे उघड आहे. भरतीच्या वेळी पाण्याखाली राहून नावांचे तळ फाडण्यासाठी जर्मनांनी त्या रोवल्या होत्या. म्हणून दोस्त सैन्याने ओहोटीची वेळ धरली. सकाळी साडेसहाच्या सुमारास पहिली तुकडी उतरली, अडथळे उघडे पडले, नावा वाचल्या, पण माणसांना दोन-तीनशे मीटर उघडी वाळू पायी तुडवावी लागली. वर गंमत बघा, अडथळे सुरुंगाने उडवायला जे इंजिनिअर आले, त्यांना ते उडवता येईनात, कारण त्यांच्याच आडोशाला आपलीच माणसं दडून बसलेली. गेममध्ये तुम्ही ज्या फुलीमागे श्वास घेता, तिच्यामागे तेव्हा हाच घोळ चालला होता.

हा प्रसंग तेव्हा दोन गेममध्ये आला, हेही सांगायला हवं. याच मालिकेतला पीसीवरचा 'अलाइड असॉल्ट' जानेवारी २००२ मध्ये आला, 'फ्रंटलाइन' मे महिन्यात. दोघांतही ओमाहा आहे, दोघांचे हिरो वेगळे. 'अलाइड असॉल्ट' बनवणाऱ्यांपैकी बरेच जण बाहेर पडले आणि त्यांनी 'कॉल ऑफ ड्यूटी' काढला. म्हणजे ज्या मालिकेने पुढे 'मेडल ऑफ ऑनर'ला झाकोळून टाकलं, ती याच घरातून बाहेर पडलेली.

आता अडचणी. लेव्हलच्या मध्ये सेव्ह नाही, चेकपॉइंटही नाही. शेवटच्या दारापाशी मेलात तर पुन्हा पहिल्या पायरीपासून. आपोआप भरून येणारी हेल्थ हा प्रकारही नाही. होकायंत्राभोवती जी हेल्थची पट्टी दिसते ती वाटेत सापडणाऱ्या पाण्याच्या बाटल्या आणि औषधाच्या पेट्यांवरच भरते. आजच्या सवयीने खेळायला बसलात तर हे जाचक वाटणार. मला मात्र आता असं वाटतं की गेमची निम्मी चव त्यातच आहे. आठव्यांदा तीच लेव्हल खेळताना तुम्हाला कुठला शिपाई कुठल्या खिडकीतून डोकावतो हे पाठ झालेलं असतं. मग तुम्ही लढत नाही, पाढे म्हणता. वाटेतली औषधाची पेटी हेल्थ बरी असताना उचलू नका, जागा लक्षात ठेवून पुढे जा आणि गरज पडली की मागे या. ही एक सवय लावलीत तर नॉर्मलवर फारसं अडणार नाही. आणि अडलंच तर सरळ ईझीवर टाका, कुणी बघत नाहीये.

आम्ही दोघं भाऊ होतो आणि कंट्रोलर एकच. नियम असा की मेला त्याने कंट्रोलर द्यायचा. चेकपॉइंट नसल्यामुळे दादा माझ्या मरणाची मनापासून वाट बघायचा. पण त्याच्या कानाला दाद द्यायला हवी. एम१ गरँड रायफलमध्ये आठ गोळ्यांची क्लिप असते, आठवी गोळी सुटली की रिकामी क्लिप 'टिंग' करून बाहेर उडते. दादा शेजारच्या खोलीत अभ्यासाचं सोंग करत असायचा आणि तिथूनच मोजायचा. सातव्या गोळीला ओरडायचा, "आडोशाला हो!" मी ऐकायचो नाही. टिंग झालं की समोर हमखास कुणीतरी उभा असायचाच. आजही कुठल्याही गेममध्ये माझा हात सातव्या गोळीला थबकतो, बंदूक कुठलीही असो.

आवाज हीच या गेमची खरी कमाई आहे. चित्रं आता जुनाट दिसतात, चेहरे लाकडी वाटतात, पण टीव्हीचा आवाज वाढवा किंवा हेडफोन लावा आणि हॉलंडमधल्या आर्नेम शहराच्या लेव्हलपर्यंत टिकून राहा. संगीत मायकल जियाकिनोचं, खऱ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलेलं. ('अप' या चित्रपटासाठी ऑस्कर मिळालेला तोच हा, तेव्हा तो मुख्यतः गेमसाठीच संगीत द्यायचा.) युद्धाच्या गेममध्ये ढोल-तुताऱ्यांची अपेक्षा असते. इथे पडक्या घरांमधून तुम्ही चालता आणि मागे संथ, शोकाकुल गायन सुरू असतं. जिंकतोय असं एक क्षणही वाटत नाही.

आणि तसं वाटू नये हेच बरोबर. आर्नेमची लढाई ज्या मोहिमेत झाली ती दोस्त सैन्याची 'मार्केट गार्डन' मोहीम १७ सप्टेंबर १९४४ ला सुरू झाली. हॉलंडमधले पूल छत्रीधारी सैनिकांनी एकामागून एक ताब्यात घ्यायचे आणि रणगाड्यांनी त्यांवरून ऱ्हाइन ओलांडायची, असा बेत. नायमेखनचा पूल मिळाला, आर्नेमचा मिळाला नाही. ब्रिटिश अधिकारी जॉन फ्रॉस्टच्या हाताखालचे साधारण साडेसातशे जण पुलाच्या उत्तर टोकाला तीन-चार दिवस चिकटून राहिले, मदत पोहोचलीच नाही. आर्नेमला सुमारे दहा हजार उतरले होते, त्यातले नदीपलीकडे परत आलेले फक्त २,४०० च्या आसपास. गेम पॅटरसनला या सगळ्यातून सहीसलामत बाहेर काढतो, पण त्या संगीताने हार लपवलेली नाही. संपूर्ण मालिकेतली माझी सर्वांत आवडती जागा तीच.

पाणबुडीतल्या लेव्हल्स ठीकठाक. गुत्त्यात वेष पालटून शिरायची 'गोल्डन लायन' मजेशीर. तिथे बंदूक बाहेर काढायची घाई करू नका. चिलखती आगगाडीचा भाग लांबलेला आहे, रेटून न्या.

रक्त का दिसत नाही, असं तुमच्या मनात आलं असेलच. मालिकेचा पहिला गेम १९९९ चा, पहिल्या प्लेस्टेशनवरचा. कल्पना स्टीव्हन स्पीलबर्गची. मुलाला 'गोल्डनआय' हा बंदुकीचा गेम खेळताना बघून दुसऱ्या महायुद्धावर असं काही करावं हे त्याला सुचलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कोलंबाइनच्या शाळेत गोळीबार झाला, अमेरिकेत हिंसक गेमवर रान उठलं, आणि त्या गेममधून रक्त काढून टाकलं गेलं. 'फ्रंटलाइन'ने तीच रीत चालू ठेवली.

एक तांत्रिक गोष्ट. नव्या सपाट टीव्हीवर पीएस२ चं चित्र धुरकट दिसतं आणि बटण दाबल्यावर नेम किंचित उशिरा सरकतो. किनाऱ्यावर तुम्ही जे मरताय त्यात याचाही हात असू शकतो. टीव्हीचा गेम मोड चालू करा आणि पिवळ्या पिनेऐवजी कॉम्पोनंट केबल मिळाली तर ती लावा. जुना डबा टीव्ही घरात असेल तर प्रश्नच मिटला.

राहिला शेवट, तो सांगून रस घालवत नाही, फक्त विमानाबद्दल. कथा ज्याच्यामागे धावते ते हॉर्टन एचओ-२२९ खरंच होतं. हॉर्टन बंधूंचं शेपटी नसलेलं, नुसत्या पंखासारखं जेट विमान, बराचसा भाग लाकडी. पण गेममध्ये ते लढायला जवळपास तयार उभं दिसतं, तसं ते कधीच नव्हतं. उडालेला नमुना फेब्रुवारी १९४५ मध्ये चाचणीतच कोसळला आणि वैमानिक एर्विन झिलर मारला गेला. पुढचा अर्धवट सांगाडा अमेरिकन सैन्याच्या हाती लागला, तो आज स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. ज्या यंत्राने अनुभवी चाचणी वैमानिकाचा जीव घेतला, त्यात आपला पॅटरसन कसा चढून बसतो ते तुम्हीच बघा. आम्ही पहिल्यांदा तिथवर पोहोचलो तेव्हा दादा फक्त एवढंच म्हणाला, "हा शिकला कधी?"