शिडाच्या होडीवरच्या मित्राला समुद्रावर निरोप कसा द्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बरोबर शिडाच्या होड्या चालवणारा जिवलग मित्र गेला, घरच्यांनी अस्थींचा थोडा भाग तुमच्या गटाच्या स्वाधीन केला आहे, आणि मुंबई बंदरात सगळ्या होड्या काढून त्याला निरोप द्यायचा आहे. तो नीट कसा पार पाडावा आणि पुढे त्याची आठवण कशी जपावी?

आधी एक ठरवून टाका. धार्मिक विधी घरच्यांचा, तो त्यांच्या पद्धतीने आणि त्यांच्या भटजींकडून होऊ दे. समुद्रावरचा कार्यक्रम तुमचा. दोन्ही एकाच दिवशी, एकाच होडीवर उरकायला गेलात तर मंत्र चालू असताना कोणीतरी जिबची शीट (पुढच्या शिडाची दोरी) ओढत असतं आणि दोन्ही बाजूंची चिडचिड होते.

दिवस आणि वेळ

इथे सगळ्यात जास्त डोकं लावा. भरतीचा ढोबळ हिशेब तुम्हाला माहीत असेलच: त्या पक्षातल्या तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे मुंबईत पूर्ण भरतीची साधारण वेळ. पंचमीला पावणेचार, षष्ठीला साडेचार. या दोन तिथी मला सगळ्यात सोयीच्या वाटतात. दुपारी वायव्येचा वारा धरलेला असतो, उधाणाचा जोर ओसरून पाणी भांगाकडे (चढ-उतार कमी असलेल्या दिवसांकडे) झुकलेलं असतं, आणि भरतीच्या वेळी जेट्टीच्या पायऱ्या चढणं-उतरणं सोपं जातं. ओहोटीला खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, आणि तुमच्या लाँचमध्ये मित्राची सत्तरीची आईही असू शकते. नक्की वेळ सर्व्हे ऑफ इंडियाच्या कोष्टकावरूनच घ्या, पाऊणपटीचा हिशेब फक्त तारीख निवडण्यापुरता.

अस्थी सोडायची वेळ म्हणजे पूर्ण भरतीनंतरचा पहिला अर्धा-पाऊण तास. पाणी उतरायला लागलेलं असतं, त्यामुळे रक्षा दक्षिणेकडे, बाहेरच्या समुद्राच्या दिशेने जाते. बाराव्या हिश्शाच्या नियमाने पहिल्या तासात एकूण उताराचा जेमतेम बारावा भाग उतरतो, तिसऱ्या आणि चौथ्या तासात मात्र प्रत्येकी तीन हिस्से. म्हणजे उशीर केलात तर परतताना पूर्ण ओहोटी तोंडावर, वारा पडत चाललेला आणि अंधार, असे तिन्ही एकदम भेटतात. भरती चढत असताना सोडलं तर सगळं परत बंदरात, शेवटी किनाऱ्यावरच्या कचऱ्यात.

जागा नांगरलेल्या होड्या मागे टाकून दक्षिणेला, प्रॉंग्सच्या (कुलाब्याच्या टोकाच्या दीपगृहाच्या) दिशेने, पण मोठ्या जहाजांच्या वाटेबाहेर. नौदलाच्या हद्दीच्या जवळपास फिरकू नका. ड्रोनचा विचार कोणाच्या डोक्यात असेल तर तो आजच काढून टाका. क्लबच्या सचिवांमार्फत बंदराच्या नियंत्रण कक्षाला होड्यांची संख्या, वेळ आणि जागा आधी लेखी कळवा.

अस्थी

विद्युत किंवा गॅसदाहिनीतून पूर्ण रक्षा घेतली तर प्रौढ माणसाची साधारण २ ते ३ किलो भरते. तुमच्याकडे त्यातला भाग असेल. लाल कापड बांधलेलं मडकं तसंच पाण्यात सोडू नका. आत हवा कोंडलेली असते, ते तरंगत राहतं, आणि दुसऱ्या दिवशीच्या भरतीला कुठल्यातरी किनाऱ्यावर लागतं. ते कोणाला सापडलं आणि त्याचा फोटो फिरला तर घरच्यांना काय वाटेल, याची कल्पना करा.

त्यापेक्षा मांजरपाटाची पिशवी शिवा, साधारण ३० बाय ४० सेंटिमीटर, सुती दोऱ्याने. पॉलिस्टरचा दोरा नको. जुन्या शिडाच्या कापडाची पिशवी करायचा मोह होतो, पण ते असतं डॅक्रॉनचं, म्हणजे प्लास्टिकच. रक्षा पाण्यापेक्षा जड असते, पिशवी बुडते, फक्त आतली हवा निघायला हवी. म्हणून ती पाण्यात टाकायची नाही. दोन्ही हातांनी पाण्याखाली धरायची, कापड भिजेपर्यंत बुडबुडे येतात, ते थांबले की हात सोडायचे. यात अर्धं मिनिट जातं, आणि ज्याच्या हातात पिशवी असते त्याला ते अर्धं मिनिट हवं असतं.

मोकळी रक्षाच सोडायची असेल तर तीही पाण्याला हात टेकेल इतक्या खालून, वाऱ्याखालच्या बाजूने (वारा जिकडे वाहतो तिकडून), हळूहळू. उभं राहून ओतली की वारा ती मेनसेलच्या (मुख्य शिडाच्या) मागच्या भोवऱ्यात घेतो आणि लोकांच्या तोंडावर आणतो. हे इतक्या वेळा घडतं की त्यावर विनोदही आहेत, पण त्या दिवशी कोणी हसत नाही.

होडी कशी ठेवायची यावर तुमच्यात वाद होईल. बरेच जण म्हणतील हीव्ह-टू करा, म्हणजे शिडं न उतरवता होडी जवळजवळ थांबवा: जिबची शीट न सोडता टॅक घ्या (होडीचं तोंड वाऱ्यातून पलीकडे फिरवा), जिब उलटी भरू द्या, मेन सैल, टिलर (सुकाणूचा दांडा) वाऱ्याखाली. होडी शांत उभी राहते हे खरं. पण ती वाऱ्याखाली सरकत असते, म्हणजे त्या बाजूला जे सोडाल त्याच्यावरच चढते, आणि रक्षेचा पांढरा पट्टा होडीच्या अंगाला लागतो. माझं मत: जिब उतरवा, नुसत्या मेनवर क्लोज रीच धरा (वारा पुढून तिरका घ्या), मेन निम्मी सैल सोडा, वेग एक नॉटच्या (तासाला एक सागरी मैल) आसपास ठेवा. वाऱ्याखालच्या मागच्या कोपऱ्यातून सोडा. होडी पुढे निघून जाते, रक्षा मागे स्वच्छ पाण्यात राहते. आउटबोर्ड (होडीच्या मागचं इंजिन) बंद आणि वर उचललेला. वारा पाच नॉटच्या खाली असेल तर हा शिडाचा हट्ट सोडा, इंजिनवर जा, थांबा, इंजिन बंद करा.

तेवीस-चोवीस फुटी होडीवर पाचाहून अधिक माणसं नकोत. तो क्षण आला की सगळे एकाच बाजूला झुकतात, होडी कलते, आणि कठड्याशी वाकलेला माणूस पाण्यात जातो. दोघं वाऱ्याकडच्या बाजूला बसून राहतील हे आधी नावानिशी ठरवा. पिशवी सोडणाऱ्याला हार्नेस (होडीला जोडून ठेवणारा पट्टा) लावा. लाइफ जॅकेट सगळ्यांना, घरच्यांनाही, लाँचमध्येसुद्धा. १८ डिसेंबर २०२४ ला याच पाण्यात ‘नीलकमल’ फेरीबोटीचा अपघात झाला, त्यानंतर तरी यावर कोणाशी हुज्जत घालायची गरज पडू नये.

आणि ज्याला सगळ्यात जास्त लागलंय त्याच्या हातात सुकाणू देऊ नका. तो मागेल, ‘मीच चालवणार’ म्हणेल. त्याला पिशवी द्या.

फुलं न्यायची तर सुट्या पाकळ्या, झेंडू किंवा शेवंती, दोन किलोही पुष्कळ होतात. हार नको. त्याचा दोरा आणि तार पाण्यात राहते आणि परतताना तुमच्याच प्रोपेलरला गुंडाळते.

आठ ठोके

जहाजावर पहारा चार तासांचा, दर अर्ध्या तासाला घंटेचा एक ठोका वाढतो, आठ ठोके म्हणजे पहारा संपला. म्हणून दर्यावर्दी गेला की आठ ठोके देतात. ते जोडीजोडीने द्यायचे: टण-टण, दोन-तीन सेकंद थांबा, पुन्हा टण-टण, अशा चार जोड्या. वीस मीटरखालच्या होडीला घंटा सक्तीची नसते, त्यामुळे बहुतेकांकडे नसतेच. पूजासाहित्याच्या दुकानातली पितळी टांगती घंटा चालते. लोळीला (घंटेच्या आतल्या लोलकाला) वीतभर दोरी बांधा आणि ती धरून ठोके द्या. घंटाच हलवलीत तर ठोके मोजता येत नाहीत, देवळातल्यासारखा नुसता नाद होतो. आदल्या दिवशी चार वेळा सराव करा. ठोके चालू असताना एकही इंजिन चालू नको, लाँचचंसुद्धा.

जुने, मुदत संपलेले फ्लेअर उडवून मानवंदना द्यायची टूम हमखास निघते. लाल फ्लेअर आणि नारिंगी धूर हे संकटाचे इशारे आहेत, दुसऱ्या कशासाठीही ते वापरायचे नाहीत. तटरक्षक दलाची बोट शोधत आली तर चूक तुमची असेल.

झेंड्याचंही तसंच. तिरंगा सरकारी आदेशाशिवाय अर्ध्यावर उतरवता येत नाही, १९७१ च्या राष्ट्रीय मानचिन्हांच्या कायद्यात ते स्पष्ट आहे. अर्ध्यावर आणायचा तो क्लबचा बर्जी (क्लबचा स्वतःचा छोटा झेंडा). आधी टोकापर्यंत चढवायचा, मग खाली आणायचा. संध्याकाळी काढतानाही आधी टोकाला, मग पूर्ण खाली.

सेल-पास्ट

सेल-पास्ट म्हणजे होड्यांनी रांगेने पुढून जात दिलेली मानवंदना. घरच्यांची लाँच नांगरून ठेवा. होड्या एकामागे एक, वारा बाजूने घेत, लाँचच्या वाऱ्याखालून जाऊ द्या. वाऱ्याकडच्या अंगाने गेल्या आणि एखाद्या होडीचं काही बिघडलं तर ती थेट लाँचवर येऊन आदळते. खालून गेल्या तर बूमही (मेनच्या खालचा आडवा दांडा) लाँचच्या उलट दिशेला असतो.

सगळ्यात हळू होडी पहिली. दोन होड्यांत चार होड्यांच्या लांबीएवढं अंतर. तीन नॉटच्या वेगाने दर पंचवीसेक सेकंदांनी एक होडी पुढून जाते, म्हणजे दहा होड्यांना चार मिनिटं. घरच्यांना हे आधी सांगा, कारण तयारी दोन तास चाललेली त्यांनी पाहिलेली असते. लाँचच्या समोर आलं की जिबची शीट मोकळी सोडायची, शीड दहा सेकंद फडफडू द्यायचं, पुन्हा भरायचं. हीच शिडाच्या होडीची सलामी. मेन सोडू नका, वेग मरतो आणि मागची होडी अंगावर येते.

त्याची होडी चालण्याजोगी असेल तर त्याच्याच क्रूने ती आणावी. नसेल तर रांगेत तिच्या जागी दुप्पट अंतर मोकळं सोडा, कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

एक गोष्ट हमखास राहून जाते: क्लबचे तांडेल (होड्या सांभाळणारे खलाशी) आणि लाँचवाले. तुमच्या मित्राला वर्षानुवर्षं होडीवर पोचवलं, त्याचे मूरिंग (होडी बांधायची पाण्यातली जागा) सांभाळले, त्यांचाही तो माणूस होता. पण त्या दिवशी ते कामावर असतात, म्हणून कार्यक्रमात कुठेच नसतात. लाँच चालवायला दुसऱ्या क्लबची माणसं मागून घ्या, यांना होडीत बसवा. पहिली ओंजळ त्यांची असली तर फार बरं.

रम समुद्राला वाहायची पद्धत आहे, वाहा. स्वतःची किनाऱ्यावर आल्यावर.

पुढची आठवण

त्याच्या नावाचा करंडक ठेवायचा विचार पहिल्या आठवड्यातच येतो. घाई करू नका. असे करंडक बहुधा दोन कारणांनी कपाटात जातात: ज्या वर्गाच्या होड्यांसाठी ठेवले तो वर्गच बंद पडतो, किंवा नावं कोरायला जागा उरत नाही. एका पानाचा लेख करा: करंडक कशासाठी, कोण निवडणार, शर्यत बंद पडली तर तो कशासाठी द्यायचा, पॉलिशचा आणि कोरण्याचा खर्च कोणाचा. पहिल्या क्रमांकासाठी करंडक पुष्कळ असतात. तो नवख्यांना होडीवर घ्यायचा म्हणून लोकांच्या लक्षात असेल, तर हंगामात सर्वाधिक नवखे नेणाऱ्याला द्या.

त्याची टिपणं आणि लॉगबुकं घरच्यांकडे मागा, स्कॅन करा, मूळ वह्या परत करा. दमट हवेत त्या चार पावसाळे टिकत नाहीत. जुनी शिडं कापून मित्रांसाठी पिशव्या शिवता येतात. त्यासाठी जाड सुई आणि यूव्हीला टिकणारा पॉलिस्टर दोरा घ्या, आणि शिडावरचा क्रमांक कापू नका, तो भाग त्याच्या मुलांना द्या.

अमेरिकेतल्या मित्रांना त्यांच्याकडच्या समुद्रात थोडा भाग सोडायचा असेल तर तिथे किनाऱ्यापासून किमान तीन सागरी मैल बाहेर जावं लागतं आणि तीस दिवसांच्या आत पर्यावरण खात्याला, म्हणजे ईपीएला, कळवावं लागतं.

दरवर्षी काही करणार असाल तर तिथीने करा. तारखेने केलं की भरतीची वेळ दरवर्षी बदलते, तिथीने ती जवळपास तीच येते. तो जून ते सप्टेंबरमध्ये गेला असेल तर हट्टाने पावसाळ्यात होड्या काढू नका. हंगाम उघडला की त्यातली पहिली पंचमी धरा.