गरम पाण्यात वळणारी पट्टी

प्रश्न : कॉलेजच्या प्रकल्पासाठी थ्रीडी प्रिंटरवर पीएलए या प्लास्टिकची सपाट पट्टी छापली. गरम पाण्यात टाकल्यावर ती गोल वळायला हवी, पण जेमतेम वाकते. चूक कुठे होते?
— एक विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : आधी बेडचं, म्हणजे ज्या पाटीवर पट्टी छापली जाते तिचं, तापमान पाहा. नोझलमधून (वितळलेलं प्लास्टिक सोडणाऱ्या तोंडातून) ओढली जाताना पीएलएची रेघ ताणली जाते आणि गार होताच तो ताण आत अडकतो. साधारण ६० अंशांच्या वर पीएलए मऊ होतं, ताण सुटतो, रेघ लांबीत आखडते. बेडच ६० अंशांवर असेल, तर खालच्या थरांतला बराच ताण छपाई चालू असतानाच निघून जातो. मग पाण्यात सुटायला उरतं काय?

बेड ४० अंशांवर आणा, पकडीसाठी मास्किंग टेप लावा. नोझल १९० ते १९५ अंश, पंखा पूर्ण, थर ०.१ मिमी. जाड थरांत आणि सावकाश छपाईत ताण कमी साठतो. पट्टी ८० × १० मिमी, जाडी १ मिमी ठेवा. खालच्या ५ थरांच्या रेघा लांबीच्या दिशेने, वरच्या ५ थरांच्या रुंदीच्या दिशेने, इन्फिल (आतला भराव) १०० टक्के.

आणि हमखास विसरली जाणारी गोष्ट : स्लायसरमध्ये (छपाईची आखणी करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) वॉलची, म्हणजे कडेने फिरणाऱ्या रेघांची, संख्या शून्य करा. नाहीतर कडेच्या रेघा सगळ्याच थरांत लांबीच्या दिशेने धावतात, दोन्ही बाजू सारख्या आखडतात आणि वळण मारलं जातं.

पाणी ७५ ते ८० अंश असू द्या. पट्टी कडेवर उभी सोडा, म्हणजे स्वतःच्या वजनाने भलतीकडे झुकणार नाही. ती खालच्या थरांच्या बाजूला वळेल.

प्रश्न : तीच पट्टी गार झाल्यावर आपोआप सरळ होईल का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : नाही, ताण एकदाच सुटतो. पुन्हापुन्हा हालचाल हवी तर उष्णतेऐवजी ओलावा वापरा. सड्यावर फिरताना कपड्यांत घुसणारं कुसळ तेच करतं : भिजलं की पीळ सोडतं, वाळलं की पुन्हा पिळतं. एक थर लाकूडमिश्रित फिलामेंटचा (प्रिंटरमध्ये घालायच्या तारेचा), रेघा रुंदीच्या दिशेने. दुसरा साध्या पीएलएचा, रेघा लांबीच्या दिशेने. लाकूड रेघेच्या आडव्या दिशेला जास्त फुगतं, म्हणून ओली पट्टी पीएलएच्या बाजूला वाकते. घाई नको, याला तास लागतात. नोझल ०.६ मिमीचं घ्या, ०.४ चं तुंबतं.

गोव्यात जुलैमध्ये पट्टी नुसत्या हवेनेच फुगलेली असते, मग भिजवून फरक दिसत नाही. प्रयोगाआधी ती सिलिका जेलच्या घट्ट डब्यात ठेवा. फिलामेंटही ४५ ते ५० अंशांवर ४ ते ६ तास वाळवा. नोझलमधून चटचट आवाज येत असेल, तर ते अजून ओलंच आहे.