अनेक देश, एकच रेकॉर्ड पद्धत

प्रश्न : आमच्या कंपनीची कार्यालये भारत, जर्मनी आणि ब्रिटनमध्ये आहेत. सगळीकडे फायली विभागाच्या नावाने लावल्या जातात. आता प्रक्रियेवर आधारित एकच पद्धत आणायची आहे. कायदे वेगळे असताना ती चालेल का? सुरुवात कुठून करावी?

उत्तर : चालेल, मात्र वर्गीकरण सामाईक ठेवा आणि जतनाची मुदत, म्हणजे कागदपत्र किती काळ ठेवायचे ते, देशानुसार लावा. या दोन गोष्टी एकाच तक्त्यात कोंबल्या की घोटाळा होतो.

विभाग फुटतात, एकत्र येतात, त्यांची नावे बदलतात. खरेदीचे काम मात्र सगळीकडे मागणी, दरपत्रक, ऑर्डर, माल मिळाल्याची नोंद, बिल आणि पैसे चुकते करणे याच क्रमाने चालते. म्हणून सुरुवातीला अशी एकच प्रक्रिया घ्या. प्रत्यक्ष काम करणाऱ्यांजवळ बसून प्रत्येक टप्प्यावर विचारा : इथे निर्णय कोणता होतो, त्याचा पुरावा काय उरतो, तो कोणत्या प्रणालीत राहतो, पुढे कोणाला लागतो? नियमपुस्तिकेवरून नकाशा काढू नका. मंजुरी बऱ्याचदा ईमेलवर दिलेली असते आणि पुस्तिकेत तिचा पत्ताच नसतो. अशा विश्लेषणासाठी आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचा (आयएसओ) २००८चा आयएसओ/टीआर २६१२२ हा तांत्रिक अहवाल उपयोगी आहे. व्यापक चौकटीसाठी आयएसओ १५४८९ या रेकॉर्ड व्यवस्थापनाच्या मानकाची २०१६ची आवृत्ती पाहा.

वर्गीकरण तीन पातळ्यांवर थांबवा : कार्य (जसे खरेदी), उपक्रम (जसे ऑर्डर देणे), व्यवहार (जसे ऑर्डरला मंजुरी). चौथी पातळी आली की लोक ‘इतर’ नावाचे फोल्डर उघडतात. व्यवहाराला सर्व देशांत एकच संकेतांक द्या. त्याचे नाव स्थानिक भाषेत असले तरी हरकत नाही.

प्रश्न : सगळीकडे सर्वांत मोठी मुदत लावली तर सोपे होणार नाही का?

उत्तर : सोपे वाटते, पण हा मार्ग धरू नका. युरोपीय संघाच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्यानुसार वैयक्तिक माहिती ज्या कामासाठी घेतली, त्याला लागेल त्याहून अधिक काळ ओळख पटेल अशा स्वरूपात ठेवता येत नाही. दुसऱ्या देशातला कायदा दहा वर्षे सांगतो, हे जर्मनीतल्या कर्मचाऱ्याची फाइल ठेवण्याचे कारण होत नाही.

शिवाय मुदतीइतकाच तिचा आरंभबिंदू महत्त्वाचा आहे आणि बहुतेक तक्ते नेमके इथेच अपुरे पडतात. भारतात कंपनी कायदा २०१३ प्रमाणे हिशेबाची पुस्तके मागील आठ आर्थिक वर्षांची ठेवावी लागतात. ब्रिटनमध्ये खासगी कंपनीला तीन आणि पब्लिक कंपनीला सहा वर्षे, तीही नोंद केल्याच्या तारखेपासून. जर्मनीत वार्षिक हिशेबांना दहा वर्षे, २०२५पासून हिशेबी पावत्यांना आठ, आणि मोजणी कॅलेंडर वर्ष संपल्यावर सुरू होते. करकायद्याच्या मुदती वेगळ्या तपासा.

म्हणून तक्त्यात संकेतांकासमोर देश, कालावधी, आरंभाची घटना आणि कायद्याचे कलम असे चार रकाने हवेत. ‘करार संपल्यापासून’ असे लिहिले, पण करार संपल्याची तारीख कोणत्याच प्रणालीत भरली जात नसेल, तर ती फाइल कधीच नष्ट होणार नाही. ती तारीख कोण भरणार, हे आधी ठरवा. दावा किंवा चौकशी सुरू असेल तर नष्टीकरण थांबवण्याची सोय प्रत्येक देशाच्या कायदा विभागाच्या हाती द्या.